झिंकची बाटली उघडण्याआधी

मी आहारतज्ज्ञ. परळला कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या खाण्यापिण्याचं बघते. नवीन मूल आलं की "काय काय खातो?" हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी म्हणते, औषधांची पिशवी इथे टेबलावर पालथी करा. हॉस्पिटलच्या गोळ्या बाजूला सारल्या की खाली जे उरतं त्यात मला रस असतो: गावच्या मेडिकलवाल्याने दिलेलं रक्तवाढीचं लाल टॉनिक, मागे जुलाब लागले तेव्हा आशाताईंनी दिलेल्या झिंकच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, मावशीने कुरियर केलेला इम्युनिटी पावडरचा डबा, आणि कागदाच्या पुडीतलं कसलंसं भस्म. प्रत्येकात लोह, झिंक नाहीतर तांबं. सगळं मायेपोटी आलेलं, आणि बेरीज कुणीच केलेली नाही.

ही बेरीज कशी करायची, कमतरता खरंच आहे का हे कसं ताडायचं आणि असली तर ती भरून कशी काढायची, एवढंच इथे लिहिते. डोस लिहिणार नाही. तो मुलाचं वजन, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट आणि केमोचं वेळापत्रक बघून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

कमी का पडतं

झिंक, लोह, तांबं, सेलेनियम, आयोडीन ही खनिजं रोज काही मिलिग्रॅम लागतात, काही तर मायक्रोग्रॅममध्ये. पाच वर्षांच्या मुलाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 4.5 मिलिग्रॅम झिंक पुरतं. एवढंसंच, पण जिथे जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे त्याच्यावाचून अडतं: कातडी, आतड्याचं अस्तर, पांढऱ्या पेशी, जिभेवरची चव. केमोचा घावही नेमका तिथेच बसतो.

त्यात कित्येक मुलं आजारी पडायच्या आधीपासूनच कमी साठा घेऊन आलेली असतात. 2016 ते 2018 मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. तिच्यात 1 ते 4 वर्षांच्या मुलांपैकी 19 टक्के आणि 10 ते 19 वयाच्या मुलांपैकी 32 टक्के जणांत झिंक कमी निघालं. त्यावर मग उलट्या, आलेलं तोंड, जुलाब, तपासण्यांसाठी उपाशी ठेवणं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर लघवीवाटे झिंक आणि मॅग्नेशियम वाहून जातं. आठवडेच्या आठवडे शिरेतून पोषण दिलं जात असेल तर त्या पिशवीत ही खनिजं मुद्दाम घालावी लागतात. तुमच्या मुलाच्या पिशवीत ती घातली आहेत का, हे विचारायला लाजू नका.

रक्त काढण्याआधी मूल बघा

माझं पहिलं हत्यार म्हणजे दंडाची पट्टी, अंगणवाडीत असते तीच, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडलेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र, 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. पाचच्या पुढच्या मुलांना हे आकडे लागू होत नाहीत. त्यांचा दंड त्यांच्याच मागच्या मापाशी ताडायचा. वजनकाट्यापेक्षा माझा या पट्टीवर जास्त भरवसा आहे. पोटात किडनीची किंवा लिव्हरची मोठी गाठ असली की काटा गाठीचंही वजन दाखवतो. स्टिरॉइडने अंगावर पाणी धरलं की तीच गत. गाल गुबगुबीत आणि दंड काडीसारखा, असं मूल माझ्या यादीत सगळ्यात वर असतं.

नंतर कातडी. झिंक बरंच कमी झालं की तोंडाभोवती, शौचाच्या जागी आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर, खपल्या धरणारं पुरळ उठतं. बुरशीचं मलम लावून ते हटत नाही आणि बहुतेक वेळा सोबत जुलाब असतात. पोर्टची (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीची) किंवा ऑपरेशनची जखम भरत नाही, हीसुद्धा एक खूण. केस गळणं ही खूण धरू नका. केमोत ते गळणारच. नखांवरचे आडवे पट्टेही केमोच्या सायकलमुळे, म्हणजे ठरावीक दिवसांनी येणाऱ्या फेरीमुळे, उमटतात. आणि नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम किंवा झिंक कमी, असं घरोघरी सांगतात, ते मनावर घेऊ नका. ते नखाला बसलेल्या लहानसहान माराचे असतात.

मूल माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खातं का, हे आईला एकटीला गाठून विचारावं लागतं. चारचौघांत कुणी हो म्हणत नाही. अशी खा-खा लोहाच्या कमतरतेत दिसते. कॅन्सर कळण्याच्या कितीतरी आधीपासून चालू असेल तर ती माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे.

चवीबद्दल थोडं सावधपणे. "काहीही दिलं तरी लोखंडासारखं लागतं" अशी तक्रार मोठी मुलं करतात. झिंक कमी असलं की चव जाते हे खरं. पण केमोनेही जाते, तोंड आल्यावर जाते, काही अँटिबायोटिकनेही जाते. केमो किंवा रेडिएशनमुळे गेलेली चव झिंक देऊन परत येते का, यावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून चवीसाठी झिंक सुरू करायचं असेल तर किती दिवस बघायचं ते आधी ठरवा आणि फरक पडला नाही तर बंद करा.

शेवटी तीन दिवसांची वही. मुलाने काय आणि किती खाल्लं, तेवढं लिहायचं. "जेवला" असं लिहिलेलं मला चालत नाही. "अर्धी पोळी, दोन चमचे वरण, दूध सांडलं" असं हवं. तीनपैकी एक दिवस केमोचा असू द्या.

तपासणी कधी आणि कशी

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ताप असताना, संसर्ग चालू असताना झिंकची तपासणी करू नका. ताप-संसर्गामुळे अंगात दाह चालू असला की शरीर रक्तातलं झिंक उचलून लिव्हरमध्ये नेऊन ठेवतं. रिपोर्टमध्ये ते कमी दिसतं, पण म्हणून ते शरीरातून गेलेलं असतंच असं नाही. तांब्याचं उलटं: तापात ते वर जातं. एकाच कागदावर "झिंक कमी, तांबं जास्त" असं आलं की घरच्यांचं धाबं दणाणतं, आणि तापलेल्या मुलात हे असंच येतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तापात चढतं. कॅन्सरने आणि रक्त चढवल्यानेही चढतं.

म्हणून पुढच्या सायकलच्या आधी, ताप नसताना, काउंट (रक्तपेशींचे आकडे) सावरलेले असताना रक्त द्या. त्याच सुईत सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी) आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) मागून घ्या. सीआरपी वाढलेला असेल तर झिंकच्या आकड्यावरून काही ठरवायचं नाही. अल्ब्युमिन खाली असेल तरी झिंक कमी दिसतं, कारण रक्तातलं बरंचसं झिंक अल्ब्युमिनला धरूनच फिरतं.

नळी कोणती, हेही बघा. साध्या नळीच्या रबरी बुचातून झिंक नमुन्यात उतरू शकतं, म्हणून खनिजांसाठी गडद निळ्या बुचाची वेगळी नळी असते. रक्त काढताना ते फुटलं, म्हणजे लाल पेशी फुटून रक्तातल्या पाण्यात रंग उतरला, तर आकडा खोटाच वाढतो, कारण लाल पेशींत झिंक भरपूर. वेळेचाही फरक पडतो. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी सकाळच्या नमुन्यात 65 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमी मानतात, दुपारच्या नमुन्यात 57 च्या खाली. रक्त कधी काढलं ते रिपोर्टवर नसेल तर स्वतः पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच वेळी द्या, म्हणजे दोन रिपोर्ट एकमेकांशी ताडता येतील.

रिपोर्ट यायला वेळ लागत असेल, मूल ठणठणीत खात असेल, अंगावर एकही खूण नसेल, तर ही तपासणी करूच नये असं माझं मत आहे. हट्ट फार जण करतात. तेच पैसे अंड्यांवर खर्च करा.

बाटलीचं लेबल

बाटली उजेडात धरा आणि पुढच्या बाजूचं मोठं नाव सोडून मागचं बारीक अक्षर वाचा. तिथे दोन आकडे असतात. "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 55 मिग्रॅ." हा एक, आणि त्याच्या शेजारी "एलिमेंटल झिंक 20 मिग्रॅ." हा दुसरा. कामाचा तो दुसरा. पहिल्यात झिंकला चिकटलेलं सल्फेटही मोजलेलं असतं. झिंक ग्लुकोनेट असेल तर 50 मिलिग्रॅममध्ये खरं झिंक जेमतेम 7. म्हणून दोन कंपन्यांच्या बाटल्या "दोन्हीत 50 लिहिलंय" म्हणून सारख्या धरू नका. त्यानंतर बघा हे प्रमाण कितीचं आहे: 5 मिलिलिटरचं, 1 मिलिलिटरचं की एका गोळीचं. थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा 1 मिलिलिटरचं असतं. तिथे चमचा लावला की पाचपट जातं.

आता बेरीज. समजा पाच वर्षांच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅमची झिंकची गोळी, मल्टिव्हिटॅमिनच्या चमच्यातून 3, आणि प्रोटीन पावडरच्या दोन मापांतून आणखी 3 मिळतंय. झाले 26, ताटातलं वेगळं. अमेरिकेत ठरवलेली रोजची वरची मर्यादा 1 ते 3 वयाला 7, 4 ते 8 वयाला 12 आणि 9 ते 13 वयाला 23 मिलिग्रॅम आहे. मग जुलाबात सरकारी दवाखान्यात 20 ची गोळी देतात ती कशी? ती मोजक्या दिवसांसाठी. सहा महिन्यांवरच्या बाळाला दिवसाला 20, त्याहून लहानाला 10, तेही ओआरएससोबत 10 ते 14 दिवस, असा नियम जागतिक आरोग्य संघटनेने 2004 मध्ये सांगितला. पंधराव्या दिवशी ती गोळी बंद झाली पाहिजे. माझ्या टेबलावर येणारी अर्धी पट्टी ही बहुधा "ताकद येते म्हणून" पुढे चालू ठेवलेली असते.

जास्त झिंकने काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. झिंक भरपूर आलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन तयार करतात आणि ते तांब्याला झिंकपेक्षाही घट्ट धरतं. धरलेलं तांबं त्या पेशींबरोबर झडून शौचावाटे जातं. महिनोन्‌महिने असं चाललं की तांबं कमी पडतं. तांबं कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि पांढऱ्या पेशीही उतरतात. म्हणजे केमोने दिसतं तेच चित्र. काउंट पडले म्हणून सायकल पुढे ढकलायची, आणि मूळ कारण घरातल्या बाटलीत! हे नेहमी घडतं असं मुळीच नाही. पण काउंट सावरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल आणि घरी झिंक चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय राहू नका. ज्यांना नळीने थेट लहान आतड्यात अन्न दिलं जातं त्यांनी तर जास्तच, कारण तांबं मुख्यतः जठरात आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि नळी तो भागच टाळून जाते.

रक्तवाढीचं लाल टॉनिक

हिमोग्लोबिन 7 आहे, मग लोह द्यायला नको का? या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं: आधी विचारा. केमो चालू असलेल्या मुलाचं रक्त कमी होतं ते मुख्यतः बोन मॅरो (हाडातला रक्त तयार करणारा मगज) दबलेला असल्यामुळे. लोह नसल्यामुळे नव्हे. उलट, मोठ्या माणसाला चढवतात त्या रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. मुलांना वजनाप्रमाणे कमी रक्त लागतं, पण लोह त्याच हिशेबाने आत येतंच. शरीर रोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम लोह शोषतं आणि जादा झालेलं बाहेर टाकायचा मार्ग त्याच्याकडे नाही. ते लिव्हरमध्ये, हृदयात साचतं. पुन्हापुन्हा रक्त लागलेल्या मुलाला वर टॉनिक म्हणजे भरल्या घड्यात पाणी.

आणखी एक अडचण. या टॉनिकात लोहासोबत बहुधा फॉलिक ॲसिड असतं. ब्लड कॅन्सरच्या मुलांना दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट काम करतं तेच फॉलेटचा, म्हणजे याच जीवनसत्त्वाचा, रस्ता अडवून. एका हाताने अडवायचं आणि दुसऱ्याने वाट करून द्यायची, असं होऊ नये. मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलावरही फॉलिक ॲसिड शोधा आणि दिसलं तर बाटलीच डॉक्टरांना दाखवा.

लोहाची कमतरता खरी असते ती निदानाच्या वेळी बराच रक्तस्राव झालेल्या किंवा आधीपासून अशक्त असलेल्या मुलांत. ती डॉक्टर तपासून ठरवतात आणि लोह त्यांनी सांगितलं तर जरूर द्यायचं.

तांब्याचा तांब्या आणि पितळेची चरवी

"तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं" हे कानावर पडलं नाही असं घर नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये 1980 च्या दशकात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या सिरॉसिसवर काम केलं. वर्षा-दोन वर्षांच्या बाळांचं लिव्हर दगडासारखं घट्ट व्हायचं आणि ती दगावायची. शोध घेता घेता धागा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांपाशी पोचला. त्यांत तापवलेल्या, ठेवलेल्या दुधात तांबं उतरायचं आणि तेच बाळाच्या पोटात जायचं. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि तो आजार जवळपास नाहीसा झाला.

केमोच्या काळात लिव्हरवर औषधांचा ताण असतोच. म्हणून मुलाचं दूध, ताक, लिंबूपाणी, आमटी, सगळं स्टीलमध्ये. आंबट पदार्थ तर तांब्या-पितळेला शिवूही नयेत. आणि तांबं मुद्दाम वाढवायला जाऊ नका. तीळ, काजू, डाळी, नाचणी खाणाऱ्या मुलाला ते आपोआप मिळतं.

भस्मांचंही इथेच सांगते. यशद भस्म म्हणजे झिंक, ताम्र भस्म म्हणजे तांबं, लोह आणि मंडूर ही लोहाचीच. पुडीवर प्रमाण नसतं, त्यामुळे माझी बेरीज तिथे अडते. दुसरं म्हणजे अमेरिकेत 2008 मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. वैद्यांवर राग नाही. पण केमो संपेपर्यंत पुडी बंद, आणि जे आतापर्यंत दिलं ते डॉक्टरांना सांगायचं, रागावतील ही भीती न धरता.

ताटात काय

झिंक माणसाला लागतं हे 1960 च्या आसपासपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. बक्सरमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद तेव्हा इराणमध्ये शिराझला होते. एकवीस वर्षांचा तरुण त्यांच्यासमोर आला तो दहा वर्षांच्या पोराएवढा दिसत होता. खाणं काय, तर न आंबवलेली रोटी, आणि वर माती खायची सवय. पुढे 1963 मध्ये त्यांनी इजिप्तमधल्या अशाच तरुणांत झिंकची कमतरता दाखवून दिली. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं आणि ते झिंक-लोहाला बांधून ठेवतं. पीठ आंबवलं, धान्य भिजवलं, मोड आणले की फायटेट तुटतं. आपल्या स्वयंपाकघरात हे सगळं आधीपासून आहे, फक्त घाईत आपण ते सोडलं. म्हणून नुसत्या पोळीवर असलेल्या मुलाला मी आठवड्यातून तीन-चारदा इडली, आंबोळी किंवा घरी आंबवलेल्या पिठाचा डोसा द्यायला सांगते.

पाच वर्षांच्या मुलाचं एक ताट मोजून बघू. आकडे अंदाजे आहेत. लहान दोन पोळ्या, 50 ग्रॅम कणकेच्या: 1.4 मिलिग्रॅम. 25 ग्रॅम मुगाच्या डाळीचं घट्ट वरण: 0.7. पूर्ण उकडलेलं एक अंडं: 0.6. पेलाभर दूध: 0.7. दोन चमचे भाजलेल्या तिळांचा कूट: 0.7. झाले 4.1. खिम्याचा एक लहान गोळा किंवा काजूचे सात-आठ तुकडे पडले की 4.5 पार. म्हणजे मूल एवढं खात असेल तर त्याला झिंकची बाटली लागतच नाही. खात नसेल तर खाणं वाढवायचं कसं, हा प्रश्न बाटलीच्या आधीचा.

तीळ माझा हुकमी एक्का. धर्मशाळेत एकच शेगडी असते आणि पाळी लागलेली असते, तिथेही तीळ पाच मिनिटांत होतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार करायचे, मग कुटायचे. गरम कुटले की तेल सुटून गोळा होतो. कूट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आठवडाभर टिकतो. तोंड आलं असेल तर मिरची-लसूण काही नको: मऊ खिचडीत चमचाभर कूट घालून मिक्सरमधून काढा आणि तूप घाला. भोपळ्याच्या बियाही अशाच, फक्त सोललेल्या. शेंगदाणे घेताना एकेक बघून घ्या. काळपट, सुरकुतलेला, खवट वासाचा दाणा फेकून द्या. बुरशीचं विष लिव्हरला जातं.

नाचणीसत्त्व घरी करणाऱ्यांसाठी: नाचणी तीन-चार पाण्यांतून धुऊन रात्रभर भिजवा, ओल्या स्वच्छ फडक्यात दिवसभर बांधा, मोड जेमतेम डोकावले की उन्हात कडक वाळवा, भाजा, दळा, गाळा. पावसाळ्यात मुंबईत हा उद्योग करू नका. मोड चिकट होतात, आंबूस वास धरतात, आणि तसं पीठ काउंट पडलेल्या मुलाला द्यायचं नाही. गावाहून उन्हाळ्यात करून आणलेलं असेल तर उत्तम. मोडाचे कच्चे मूग-मटकी तर अजिबात नको. उसळ करा, शिट्ट्या होऊ द्या.

मांसाहारी घरांचं काम सोपं आहे, कारण मटणातलं झिंक फायटेटच्या तावडीत सापडत नाही. खिमा पूर्ण शिजवून, वाटून, भातात कालवून. कलेजीत लोह, तांबं आणि ए जीवनसत्त्व तिन्ही ठासून भरलेली, म्हणून सारखं रक्त चढणाऱ्या मुलाला ती विचारूनच. कोकणातल्या मंडळींना कालवं आठवतील. झिंकची ती खाणच आहे, पण काउंटचा भरवसा नसताना शिंपल्यातलं काही नको. कालवं उपचार संपल्यावर.

चहा बंद. दुधाचाही, कोराही. लोह त्याने अडतं आणि भूकही मरते. बिस्किट-चहावर राहिलेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा पहिला वाद आजीशीच होतो.

बाकीची मंडळी थोडक्यात

सेलेनियमची गोळी स्वतःहून मुळीच नको. गरज आणि विष यांतलं अंतर तिथे फार कमी आहे. 4 ते 8 वर्षांच्या मुलाची गरज 30 मायक्रोग्रॅम आणि वरची मर्यादा 150. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, आणि केमोच्या मुलात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अंडी, मासे, डाळी, गहू यांतून ते मिळतं. आयोडीनसाठी साधं आयोडीनयुक्त मीठ. "शुद्ध" म्हणून सैंधव सुरू केलं असेल तर पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का ते बघा, नाहीतर परत साध्या मिठावर या. मॅग्नेशियम या कुटुंबातलं नाही, जास्त लागतं, पण सिस्प्लॅटिन घेणाऱ्या मुलाच्या हातापायाला मुंग्या येत असतील, गोळे येत असतील, तर त्याच दिवशी सांगा. ती तपासणी साधी आहे आणि इलाज लगेच होतो.

द्यायचं ठरलं तर

झिंक रिकाम्या पोटी दिलं की मळमळतं, उलटी होते, आणि मूल पुढे चमचा बघूनच तोंड फिरवतं. थोडं खाल्ल्यावर, शक्यतो उलटीचं औषध लागू पडल्यावर द्या. लोह, कॅल्शियम आणि झिंक एकाच चमच्यात नको, वेळा वेगळ्या ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असेल तर आधी अँटिबायोटिक आणि खनिजं त्यानंतर किमान दोन तासांनी, नाहीतर ती पोटात एकमेकांना धरून बसतात आणि अँटिबायोटिक शोषलंच जात नाही. संसर्ग चालू असताना हे परवडत नाही. नेमक्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

पट्टीवर किंवा बाटलीवर चिकटपट्टी लावा आणि तीन गोष्टी लिहा: एलिमेंटल किती, कधी सुरू, कधी बंद. बंदची तारीख डॉक्टरांनी सांगितली नसेल तर विचारल्याशिवाय टेबलावरून उठू नका. दोन आठवड्यांहून जास्त चालणार असेल तर तांबंही तपासायचं का, हेही विचारा.

गावी जाताना ही चिकटपट्टीवरची माहिती फाइलच्या पहिल्या पानावर उतरवा, कारण तिथे सर्दी-खोकल्याला गेलात तरी कुणीतरी टॉनिक लिहून देणारच. तिथल्या डॉक्टरांना पान दाखवून एवढंच म्हणा: केमो चालू आहे, इतकं झिंक आधीच चालू आहे, लोह आणि फॉलिक ॲसिड आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला तर मात्र झिंक, लोह, वही, पट्टी सगळं बाजूला ठेवायचं आणि फाइल घेऊन थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला निघायचं, रात्री दोन वाजले असले तरी.